चुकलं कुठं, ते शोधू या

शहापूर-मुरबाड भागात गेल्या काही वर्षांत पालकांकडून एक प्रश्न आमच्याकडे पुन्हा पुन्हा येतो. "सर, मुलाला कोडिंगचा क्लास लावायचा का?" विचारणाऱ्यांत महामार्गावर टेम्पो चालवणारे अब्बा असतात, आसनगावहून पहाटेची लोकल धरून कामाला जाणारे भाईजान असतात, शिवणकाम करून घराला हातभार लावणारी अम्मीही असते. प्रश्नामागे हौस कमी आणि धास्ती जास्त असते. शहरातली मुलं पुढे निघून जातील, आपलं लेकरू मागे राहील, ही ती धास्ती.

आणि ही धास्ती विकणारेही आहेत. २९ जुलै २०२० रोजी नवं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं. सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंगचे उपक्रम आणले जातील, एवढाच उल्लेख त्यात होता. दिवस लॉकडाउनचे होते, मुलं घरात होती, शाळा मोबाइलवर होती. लगेच जाहिराती सुरू झाल्या. कोडिंग सहावीपासून सक्तीचं झालं, सहा-सात वर्षांची मुलं अॅप बनवू लागली, तुम्ही कधी जागे होणार? त्यांतल्या काही जाहिराती पुढे जाहिरात मानक परिषदेच्या आक्षेपानंतर मागे घेण्यात आल्या. पण तोवर कितीतरी घरांत हजारोंची फी, तीही हप्त्याने, भरण्याचा विचार सुरू झाला होता.

आमचं उत्तर तेव्हाही हेच होतं आणि आजही हेच आहे. मुलांना हे शिकवणं चांगलं आहे, जरूर शिकवा. पण त्यातला जो मोलाचा भाग आहे, तो विकत मिळत नाही. साधनं तर बहुतेक फुकट आहेत. कमी आहे ती मुलाशेजारी बसून योग्य प्रश्न विचारणाऱ्या माणसाची. ते माणूस तुमच्या घरात असू शकतं, मग त्याला संगणक येवो न येवो. या महिन्यात त्याविषयीच बोलू.

संगणक म्हणजे हुकमाचा ताबेदार

प्रोग्रॅमिंग म्हणजे काय? एखादं काम कसं करायचं, हे टप्प्याटप्प्याने, एकही टप्पा न गाळता सांगणं. ऐकणारा इतका आज्ञाधारक असतो की सांगितलं तेवढंच करतो, आणि न सांगितलेलं मनाने काहीच समजून घेत नाही. कामाच्या अशा टप्प्यांच्या रीतीला 'अल्गोरिदम' म्हणतात. हा शब्द आला एका माणसाच्या नावावरून. नवव्या शतकात बगदादमध्ये, खलिफा मामूनच्या काळात, 'बैतुल हिकमा' या ज्ञानगृहाशी जोडलेले विद्वान मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिझ्मी होऊन गेले. भारतीय अंकांनी हिशेब कसा करावा, यावर त्यांनी पुस्तक लिहिलं. ते लॅटिनमध्ये गेलं तेव्हा लेखकाचं नाव 'अल्गोरिझ्मी' झालं, आणि त्यावरून पुढे हा शब्द घडला. 'अल्जिब्रा' हा शब्दही त्यांच्याच दुसऱ्या ग्रंथाच्या नावातल्या 'अल-जब्र' वरून आला. त्या ग्रंथाचा मोठा हिस्सा वारसाहक्काच्या वाटण्यांचा आहे. कुणाला किती वाटा, कोण हयात असेल तर किती, नसेल तर किती, हे गणिताने पायरीपायरीने सोडवून दाखवलं आहे. म्हणजे ही विद्या आली ती घराघरांतला तंटा मिटवण्याच्या गरजेतूनही.

आपली मुलं रोज एक अल्गोरिदम चालवतात, पण त्यांना ते ठाऊक नसतं. वुजू घ्या. त्यात क्रम आहे. आधी हात, मग चूळ, नाक, चेहरा, कोपरापर्यंत हात, डोक्याचा मसह, शेवटी पाय. त्यात पुनरावृत्ती आहे. चेहरा तीनदा, हात तीनदा, पाय तीनदा. प्रोग्रॅमिंगमध्ये यालाच 'लूप' म्हणतात. त्यात अटही आहे. पाणी मिळत असेल तर वुजू, नसेल तर तयम्मुम. हे झालं 'जर-तर-नाहीतर'. क्रम, पुनरावृत्ती आणि अट या तीन विटांवर जगातले सगळे प्रोग्रॅम उभे आहेत. पाचवीतल्या मुलाला हे असं दाखवलं की 'कोडिंग' या शब्दाची भीती निम्मी उतरते. हे तर मला येतंच, असं त्याला वाटतं. आणि ते खरंच असतं.

भाकरीचा खेळ

संगणक नसताना सुरुवात कशी करायची, असं विचाराल तर चुलीपासून करा. आमच्याकडे तांदळाची भाकरी घराघरांत होते. सुटीच्या दिवशी मुलाला कागद द्या आणि सांगा, भाकरी कशी करायची ते एकेक ओळ लिही, मी त्या ओळींप्रमाणेच करणार. मग अम्मीने किंवा खालाने खरोखर तसंच करायचं. मनाने काही दुरुस्त करायचं नाही.

मूल लिहितं, "पाणी ठेव." अम्मी पाण्याचा तांब्या ओट्यावर ठेवते. "अगं, गॅसवर!" मग ते खोडून लिहितं, "पातेल्यात पाणी घालून गॅसवर ठेव." अम्मी ठेवते, पण गॅस पेटवत नाही, कारण तसं लिहिलेलंच नाही. पुढे "पीठ टाक" येतं. किती? पाणी उकळल्यावर की आधी? मीठ कधी? पीठ टाकल्यावर झाकण ठेवायचं राहिलं तर उकड नीट होत नाही, हे अम्मीला ठाऊक आहे. मुलाला ते पहिल्यांदाच कळतं. भाकरी तव्यावर गेल्यावर वरून पाण्याचा हात फिरवायचा, आणि ते पाणी सुकू लागलं की उलटायची. "सुकलं की" ही अट. "सगळं पीठ संपेपर्यंत हेच करत राहा" ही पुनरावृत्ती.

या खेळात हशा पिकतो, थोडं पीठ वाया जातं. पण दोन गोष्टी घडतात. आपल्या डोक्यात जे स्पष्ट आहे ते समोरच्याला सांगताना किती अर्धवट राहतं, हे मुलाला उमगतं. आणि अम्मीच्या हातातल्या कामात किती बारीक निर्णय दडलेले असतात, हेही त्याला दिसतं. ज्या अम्मीने उभ्या आयुष्यात संगणकाला हात लावला नाही, ती इथे उत्तम शिक्षिका ठरते.

असे संगणकाविना खेळ आता जगभर वर्गात वापरले जातात. न्यूझीलंडमधील टिम बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात अशा खेळांचा संच तयार केला. आपल्याकडे एसीएम इंडिया या संगणकशास्त्रज्ञांच्या संस्थेने २०१६मध्ये 'सीएसपाठशाला' हा उपक्रम सुरू केला. त्यातही भर आहे तो संगणकाशिवाय शिकवता येणाऱ्या तर्कविचारावर. 'बेब्रास' ही कोड्यांची स्पर्धा हेच करते. ती २००४मध्ये लिथुआनियात सुरू झाली. बेब्रास म्हणजे तिथल्या भाषेत बीव्हर, लाकडं जोडून बांध घालणारा कष्टाळू प्राणी. भारतात ही स्पर्धा मराठीतूनही देता येते. तिच्यात प्रोग्रॅमिंगचा एकही शब्द पाठ असावा लागत नाही. चित्र बघून विचार करावा लागतो, बस्स.

कासवापासून मांजरापर्यंत

आता पडद्याकडे येऊ. १९६७मध्ये अमेरिकेत सेमूर पॅपर्ट, वॉलेस फर्झिग आणि सिंथिया सॉलोमन यांनी मुलांसाठी 'लोगो' ही संगणकाची भाषा बनवली. तिच्यातलं कासव प्रसिद्ध झालं. पुढे जा, उजवीकडे वळ असं सांगितलं की ते चालतं आणि मागे रेघ उमटते. पॅपर्ट यांचं म्हणणं साधं होतं. संगणकाने मुलाला धडे घोटायला लावण्यापेक्षा मुलानेच संगणकाला शिकवावं.

लोगोत शब्द टाइप करावे लागत, एक अक्षर चुकलं तरी गाडी अडे. ती अडचण 'स्क्रॅच'ने दूर केली. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत मिचेल रेझ्निक यांच्या गटाने ते २००७मध्ये सर्वांसाठी खुलं केलं. त्यात आज्ञा रंगीत ठोकळ्यांच्या रूपात असतात. ठोकळे एकमेकांत बसतात ते बसण्यासारखे असतील तरच. पडद्यावरचं मांजर त्याप्रमाणे चालतं, बोलतं, नाचतं. स्क्रॅच मोफत आहे. संगणकावर एकदा उतरवून घेतलं की इंटरनेटशिवायही चालतं. पावसाळ्यात नेटवर्क जाणाऱ्या आमच्या गावांना ही गोष्ट फार मोलाची आहे.

२०१४मध्ये आलेलं 'स्क्रॅच ज्युनियर' पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी आहे आणि टॅबलेटवर चालतं. त्याच्या ठोकळ्यांवर अक्षरंच नाहीत, फक्त चित्रं आहेत. वाचता न येणाऱ्या मुलालाही ते जमतं. उर्दू माध्यमातल्या लहान मुलांना मात्र एक गोष्ट आधी दाखवावी. यातले ठोकळे डावीकडून उजवीकडे चालतात. उजवीकडून वाचायची सवय लागलेलं मूल सुरुवातीचा हिरवा झेंडा उजव्या टोकाला शोधतं. त्याला एवढंच सांगावं की उर्दूतही आकडे आपण डावीकडूनच लिहितो ना, तसंच हे. लगेच समजतं.

संगणक गावातल्या शाळेत पोहोचवणं हे काम आपल्या परिसराला नवं नाही. शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याची जिल्हा परिषद शाळा डिजिटल शाळा म्हणून राज्यभर गाजली. तिथले शिक्षक संदीप गुंड यांनी गावाच्या मदतीने मुलांच्या हाती टॅबलेट दिले, आणि महागड्या स्मार्ट बोर्डाऐवजी कमी खर्चात स्पर्शाने चालणारा फळा तयार करून दाखवला. पुढे राज्यातल्या कितीतरी शिक्षकांनी तो कित्ता गिरवला. त्याआधी २००७मध्ये मुरबाडला लागून असलेल्या कर्जत तालुक्यात, खैराटच्या एकशिक्षकी शाळेत, 'एका मुलाला एक लॅपटॉप' या जागतिक प्रकल्पाचा भारतातला पहिला प्रयोग झाला. त्या हिरव्या-पांढऱ्या छोट्या लॅपटॉपसोबत जी सामग्री येई, तिच्यात ठोकळे जोडून कासवाला चालवणारा 'टर्टल आर्ट' हाही कार्यक्रम होता.

पण आज बहुतेक घरांत पडदा आहे तो फक्त बघण्यासाठी. कवितेचा व्हिडिओ बघायचा, धडा बघायचा, आणि मग बघता बघता आणखी बरंच काही. डिसेंबर २०१६मध्ये मुरबाड तालुक्यातलं धसई गाव राज्यातलं पहिलं रोकडविरहित गाव म्हणून जाहीर झालं. वडापावच्या पैशांसाठीही कार्ड चालतं, अशा बातम्या आल्या. यंत्र वापरायला आपली माणसं पटकन शिकतात, यात शंका नाही. यंत्राला आपण काही सांगू शकतो, हा विश्वास मात्र अजून यायचा आहे. मुलाच्या हातात तोच मोबाइल असतो. त्याच्यावर कार्टून बघणं वेगळं आणि त्याच्यात स्वतःचं कार्टून चालवणं वेगळं.

चुकीचा त्रिकोण

वर्गात आम्ही स्क्रॅच घेतो तेव्हा एक काम हमखास देतो. मांजराकडून त्रिकोण काढून घ्या, तिन्ही बाजू सारख्या. सहावी-सातवीच्या मुलांना भूमितीत शिकवलेलं असतं की अशा त्रिकोणाचा प्रत्येक कोन ६० अंशांचा. ती मोठ्या खात्रीने ठोकळे लावतात. १०० पावलं पुढे जा, ६० अंशांत वळ, हे तीनदा कर. हिरवा झेंडा दाबतात. पडद्यावर त्रिकोण येत नाही. एक उघडी, वाडग्यासारखी आकृती येते.

वर्गात शांतता पसरते. काही मुलं पटकन सगळं पुसून टाकतात, कोणी बघू नये म्हणून. इथे आम्ही त्यांचे हात थांबवतो. पुसायचं नाही. आपण तीनच प्रश्न विचारायचे. काय व्हायला हवं होतं? काय झालं? वेगळं व्हायला सुरुवात कुठून झाली?

पहिली रेघ बरोबर आहे. वळणापाशी बिघडलं. मग सगळे मैदानात येतात. खडूने मोठा त्रिकोण काढतो आणि एकाला मांजर व्हायला सांगतो. तो एका बाजूवरून सरळ चालत कोपऱ्यापर्यंत येतो. त्याचं तोंड अजून समोर, रेघेच्या पुढच्या दिशेला. दुसऱ्या बाजूवर जायला त्याला किती वळावं लागलं? मुलं बघतात आणि ओरडतात, "सर, हा तर जवळजवळ मागे फिरला!" त्रिकोणाच्या आतला कोन ६०, पण चालणाऱ्याला वळावं लागतं १८०मधून ६० वजा जाता उरतील तेवढं, म्हणजे १२० अंश. मग आणखी एक गोष्ट निघते. पूर्ण फेरी मारून तो पुन्हा पहिल्या दिशेला तोंड करतो तेव्हा त्याची एकूण गिरकी ३६० अंशांची झालेली असते. तीन वळणं, म्हणून प्रत्येकी १२०. चौकोनाला चार वळणं, प्रत्येकी ९०. पंचकोनाला ७२. षटकोनाला?

"साठ!" आणि मग कुणाच्या तरी लक्षात येतं की आपण पडद्यावर जे काढलं होतं, तो अर्धा षटकोन होता. तीनदाऐवजी सहादा म्हटलं असतं तर तो पूर्ण झाला असता. म्हणजे आपलं उत्तर वेडंवाकडं नव्हतंच, ते दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर होतं. हे कळल्यावर मुलांच्या चेहऱ्यावर जे येतं, ते शंभरपैकी शंभर गुणांनीही येत नाही.

त्रिकोण हाती आला की वारली चित्र दूर नसतं. आमच्या परिसरातल्या भिंतींवर हे माणूस मुलांनी पाहिलेलं असतं. पद्मश्री जिव्या सोमा म्हसे यांनी ते जगभर नेलं. त्या माणसाचं धड म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, एक खाली तोंड केलेला, एक वर. मुलं 'त्रिकोण' नावाचा स्वतःचा ठोकळा बनवतात आणि तोच दोनदा वापरतात. एकदा नीट केलेल्या कामाला नाव द्यायचं आणि पुन्हा पुन्हा वापरायचं, ही प्रोग्रॅमरची मोठी युक्ती इथे आपोआप शिकून होते. आदिवासी पाड्यावरचं मूल इथे इतरांना शिकवतं, कारण पाय कुठे जोडायचे आणि हात कसे वाकवायचे, हे त्याला सर्वांत चांगलं ठाऊक असतं.

साधन एकटं काही करत नाही

आता एक सावधगिरीची गोष्ट. मुलाला अॅप उघडून दिलं की त्याची बुद्धी आपोआप तल्लख होईल, असं समजू नका. १९८०च्या दशकात लोगोचा मोठा गाजावाजा होता. तेव्हा न्यूयॉर्कच्या बँक स्ट्रीट कॉलेजातले संशोधक रॉय पी आणि मिडियन कर्लंड यांनी तपासून पाहिलं. लोगोवर काम केलेली मुलं दुसऱ्या एखाद्या कामाचं नियोजन अधिक चांगलं करतात का? तसा फरक त्यांना आढळला नाही. मुलं पडद्यावर रमली होती, पण तिथली रीत बाहेरच्या कामात आपणहून आली नव्हती.

आम्हांला हे पटतं, कारण वर्गातही तेच दिसतं. ठोकळे नुसते ओढून, काहीतरी हललं की खूश होणारी मुलं असतात. तासभर बसूनही ती काही शिकत नाहीत. फरक पडतो तो कुणीतरी शेजारी बसून विचारतं तेव्हा. हे असं का झालं? तुला काय वाटलं होतं? आता एकच गोष्ट बदलून बघ. ही रीत मग गणिताच्या वहीत, सायकलच्या घसरलेल्या चेनपाशी, उन्हाळ्यात बंद पडलेल्या पंख्यापाशी वापरायला लावावी लागते. पंखा चालत नाही? लाइट आहे का? दुसरं बटण चालतं का? दुसऱ्या पिनेत लावून बघ. एका वेळी एकच बदल. हा पूल माणसाने बांधावा लागतो.

आणि इथेच आपल्या घरांचा कस लागतो. आपल्याकडे मूल चुकलं की पहिला शब्द काय येतो? "अक्कल आहे का?" शाळेत काय, ट्यूशनला काय, घरी काय, चुकणारं मूल मान खाली घालतं. असं वाढलेलं मूल चूक लपवायला शिकतं, शोधायला शिकत नाही. पुढे कारखान्यात, दवाखान्यात, हिशेबात, तीच सवय महागात पडते. प्रोग्रॅमिंगमध्ये चूक होणं हा रोजचा व्यवहार आहे. मोठमोठ्या कंपन्यांतले कसलेले लोकही दिवसाचा मोठा भाग स्वतःच्या चुका शोधण्यात घालवतात. पडदा मुलाला रागावत नाही, कान धरत नाही, शेजाऱ्याच्या मुलाशी तुलना करत नाही. जे सांगितलंस ते केलं, बघ, एवढंच तो दाखवतो. निदान तेवढी सबुरी आपणही दाखवू या.

ते तीन प्रश्न विचारायला इंग्रजी यावं लागत नाही, संगणक यावा लागत नाही. काय व्हायला हवं होतं, काय झालं, कुठून बिघडलं. दादीसुद्धा विचारू शकते. उलट दादीला काही माहीत नसतं हे बरंच आहे, कारण मग मुलाला सगळं समजावून सांगावं लागतं, आणि समजावता समजावता त्यालाच त्याची चूक सापडते.

एक फोन, दोन मुलं

अडचणी खऱ्या आहेत. बहुतेक घरांत एकच चांगला फोन असतो, तो अब्बांचा, आणि तो रात्री घरी येतो. आम्ही सुचवतो ते असं. दिवसा कागदावर काम करावं. मांजर कुठून निघेल, कुठे वळेल, काय बोलेल, हे आधी वहीत लिहावं. रात्री फोन वीस मिनिटं मिळाला तरी पुरतो, कारण विचार आधीच झालेला असतो. फोनवर कोड डॉट ऑर्गचे ठोकळ्यांचे धडे ब्राउझरमध्ये मोफत उघडतात, भाषांच्या यादीत मराठी आणि उर्दूही आहे. शाळेत जुना संगणक धूळ खात असेल तर मुख्याध्यापकांना सांगून त्यावर स्क्रॅच टाकून घ्या. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाचे मराठी धडेही फुकट मिळतात, शिक्षकांना त्यांचा चांगला उपयोग होतो.

आणि दुसरी अडचण मुलींची. घरात फोन आला की तो भावाच्या हातात जातो, बहीण मागून डोकावते. मुलीच्या हाती फोन नको, असं म्हणणारे पालक आम्हांला भेटतात. त्यांची काळजी आम्ही समजतो. फोनमध्ये काय काय असतं, हे आम्हीही बघतो. पण उपाय मुलीला दूर ठेवणं हा नाही. उपाय आहे तो जागेचा आणि वेळेचा. फोन बैठकीत, सगळ्यांसमोर, ठरलेली वीस मिनिटं. दोघांनी मिळून एकच काम करायचं. एकजण सांगेल, दुसरा बोट फिरवेल. घड्याळ लावून दर पाच मिनिटांनी अदलाबदल. मोठमोठ्या कंपन्यांतही दोन प्रोग्रॅमर असेच एका पडद्यासमोर बसून काम करतात. हा नियम मुलांना पाळायला लावणं तेवढं आपलं काम. तो पाळला नाही तर चार महिन्यांनी भावाला सगळं येत असेल, बहिणीला काहीच नाही, आणि मग आपणच म्हणू की मुलींना यात गती नसते.

मुलाला कोडिंगचा क्लास लावायचा का, या प्रश्नावर आता आम्ही पालकांना उलट एक काम देतो. आधी चार महिने हे घरी करून बघा. मुलाला गोडी लागली, त्याचे प्रश्न तुमच्या आवाक्याबाहेर गेले, तर शाळेत येऊन विचारा, पुढची वाट आपण मिळून शोधू. बऱ्याच मुलांना पुढे संगणकाकडे जायचं नसेलही. कुणी गवंडीकाम करील, कुणी नर्स होईल, कुणी शेती बघेल. तिथेही काम टप्प्यांत मांडता येणं आणि बिघाड शांतपणे शोधता येणं कामाला येईलच.

या महिन्यात निदान भाकरीचा खेळ घरी एकदा खेळून बघा. मुलाने लिहिलेला पहिला कागद आणि खाडाखोड करून झालेला शेवटचा कागद, दोन्ही जपून ठेवा, आणि जमलं तर मासिकाच्या पत्त्यावर आम्हांला पाठवा. बहिणीने लिहिलेले कागद आले तर आम्हांला अधिक आनंद होईल.